खापरखेड्याच्या स्वयंपाकघरातला वर्ग

डॉ. शकुंतला रामटेके यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त

मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते एका शाळेच्या वर्गात. रविवार असल्यामुळे शाळेला सुट्टी होती आणि मॅडम लहान मुलांच्या बाकावर, गुडघे कसेबसे आत घेऊन बसल्या होत्या. मास्तरांची हात असलेली खुर्ची त्यांनी भिंतीला लावून ठेवली होती. आम्ही दहा-बाराजण प्रशिक्षणार्थी आत आलो तरी यातल्या शिक्षिका कोण, हे आम्हाला कळले नाही.

आम्ही सगळे शिकून-सवरून आलेले होतो. सीबीटीचे प्राथमिक प्रशिक्षण झालेले, इस्पितळात किंवा संस्थेत काही वर्षे काम केलेले. मनात येणारे विचार आणि त्यांच्यापायी माणूस ज्या गोष्टी करू लागतो किंवा करायचे थांबवतो, यांवर रुग्णासोबत बसून काम करण्याची ही उपचारपद्धती. साध्या भीतीला, साध्या नैराश्याला ती लवकर लागू पडते. पण काहीजणांच्या आयुष्यात दुखणी एकात एक गुंतलेली असतात. एक सोडवायला जावे तर दुसरे आवळते. अशा माणसांसोबत काम करायला वेगळी तयारी लागते आणि नागपुरात ती तयारी रामटेके मॅडम करून घेतात, एवढे ऐकून आम्ही आलो होतो.

मॅडमनी स्वतःची ओळख करून दिली आणि लगेच एक ध्वनिमुद्रण लावले. आवाज त्यांचाच होता, जुना, तरुणपणचा. समोर कोणी पुरुष बोलत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “बाई, तुमी पुस्तकातलं सांगून राहिल्या. मले नाही जमत.” मग खुर्ची सरकल्याचा आणि दार लागल्याचा आवाज आला.

मॅडमनी मुद्रण थांबवले. “हे गृहस्थ परत आले नाहीत. मी कुठे चुकले ते सांगा.”

मॅडम शांतपणे वाट पाहत राहिल्या. शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी चाचरत म्हणाले, “तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त बोललात.”

“बरोबर. पुढे?”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही आमच्या नव्या शिक्षिकेच्या चुकांवरच बोलत होतो आणि त्या प्रत्येक चुकीवर मन लावून विचार करत होत्या. माझ्या सगळ्या शिक्षणात, स्वतःचे फसलेले काम पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांसमोर ठेवणारे कोणी मला भेटले नव्हते. नागपुरातल्या महाल भागात घरी परतल्यावर आईने विचारले, “कशा आहेत बाई?” मला नीट सांगता आले नाही. मी एवढेच म्हणाले, की मी अशी माणसे पाहिलेली नाहीत.

त्यांच्या घडणीबद्दल त्या फार बोलत नाहीत. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत त्यांचे बालपण गेले. वडील गिरणीत कामाला होते. धम्मदीक्षेच्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून आपण तो जनसागर पाहिला, हे मात्र त्या आवर्जून सांगतात, आणि त्यातले आपल्याला खरे किती आठवते नि आईने सांगितलेले किती, हे माहीत नाही, असेही लगेच जोडतात. एकदा वर्गात त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एक जरा उंच होती. ती बदलून आणेपर्यंत त्यांनी शिकवायला सुरुवात केली नाही. एकाने विचारले, तेव्हा म्हणाल्या, “माझे वडील साहेबासमोर उभे राहून बोलत. घरी आल्यावर आईला सांगत, आज जे बोलायचं होतं ते बोललोच नाही. उभ्यानं बोलणारा माणूस खरं सांगत नाही. खाली बसलेलाही नाही. सारख्या उंचीवर बसवा.”

भाषेच्या बाबतीतही त्यांचा आग्रह असाच आहे. पुस्तकातले जड शब्द वर्गापुरते, रुग्णासमोर त्याचीच बोली. त्यातही एक शब्द त्यांनी आम्हाला वर्ज्य केला होता: ‘काहून’, म्हणजे आपले ‘का’. “काहून विचारलं की माणूस सफाई देऊ लागतो,” त्या म्हणत. “मंग काय झालं, असं विचारा. तो सांगू लागतो.” हिंगण्याच्या कारखान्यातल्या एका कामगाराला कंपनीच्या बसमध्ये पाय ठेवला की छाती दाटून यायची. मॅडम त्याच्यासोबत सकाळच्या पाळीच्या बसने गेल्या. शेजारी बसल्या, आणि सबंध वाटेवर त्याला एवढेच विचारत राहिल्या, “आता काय होऊन राहिलं? मंग?” तो सांगत गेला आणि हिंगणा आले. हे मी त्या कामगाराकडूनच ऐकले. मॅडम असे किस्से सांगत नाहीत.

पण मला आज जे सांगायचे आहे, ते नागपूरजवळच्या खापरखेड्याचे आहे.

तिला मी वैशाली म्हणते. हे तिचे खरे नाव नाही. हा लेख छापायला देण्यापूर्वी तिला वाचून दाखवला आहे आणि तिच्या संमतीनेच तो इथे आला आहे.

वैशालीचे यजमान तिथल्या वीज केंद्रात पाळीवर काम करत. वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये ती दोघे, सासूबाई आणि काही महिन्यांची मुलगी राहत. त्याआधीचे पहिले बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेले होते. ही मुलगी महिनाभराची असताना एका सकाळी भाजी चिरता चिरता वैशालीच्या मनात आले, ही सुरी पोरीच्या पोटात गेली तर? ती सुरी टाकून स्वयंपाकघरातून पळाली. विचार मात्र तिच्यासोबत आला आणि गेलाच नाही. आधी तिने भाजी चिरणे सोडले, मग स्वयंपाकघर, मग मुलीची आंघोळ. दूध पाजताना सासूबाईंनी आपला हात धरून बसावे, असा ती हट्ट धरायची. रात्री मुलीच्या खोलीत झोपणे बंद झाले. घरातल्या सुऱ्या, विळी, कात्री सगळे कुलपात गेले. जेवण सुटले. “मी नसली तर पोरगी वाचल,” असे ती म्हणू लागली, तेव्हा यजमानांनी तिला नागपूरला आणले.

मानसोपचारतज्ज्ञांच्या औषधांनी ती जेवू लागली, झोपू लागली. जीव देण्याचे विचार मागे पडले. सुरीचा विचार तसाच राहिला. हा मंत्रचळाचा प्रकार होता, ज्याला आज सगळे ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो आणि माणूस त्यालाच आपला खरा स्वभाव समजू लागतो. पुढच्या उपचारांसाठी तिला माझ्याकडे पाठवले गेले. महिने गेले तरी फारसा फरक पडेना. इकडे सासूबाईंनी ठरवले होते, की संक्रांत झाली की नातीला घेऊन सावनेरकडच्या आपल्या गावी जायचे आणि तिला तिथेच वाढवायचे. त्या दुष्ट नव्हत्या. एक नातवंड त्यांनी गमावले होते.

मी वैशालीच्या परवानगीने आमच्या भेटींचे मुद्रण करत असे आणि ते मॅडमना ऐकवत असे. एके दिवशी मॅडमनी सुरुवातीलाच मुद्रण थांबवले.

“हा आवाज कसला?”

मला कुठलाच आवाज ऐकू आला नव्हता. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावले. काहीतरी खणकन सरकल्यासारखे वाजले.

“ड्रॉवर असेल,” मी म्हणाले. “तिचे यजमान तिला सोडायला येतात. टेबलावरची कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून मगच बाहेर जातात. मग ती निवांत बसते.”

“दर वेळी?”

आधीची मुद्रणे लावून पाहिली. प्रत्येकाच्या सुरुवातीला तो आवाज होता. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तू तिला तासभर सांगतेस की तुझ्यापासून कोणाला धोका नाही. आणि त्याच्याआधी नवरा न बोलता सांगून जातो की आहे. घरी सासू तेच सांगते, कुलूप तेच सांगतं. ती तरी कोणाचं ऐकेल?”

दोन माणसांचे बोलणे ऐकण्यात मी इतकी गुंतले होते, की खोलीत तिसरे काही बोलत आहे हे मला कळले नव्हते. मॅडमना ते नुसत्या मुद्रणातून ऐकू आले.

यानंतर त्यांनी घाई केली असती तर मला आश्चर्य वाटले नसते. संक्रांत जवळ आली होती. पण त्यांनी घाई केली नाही. त्या स्वतः वैशालीला भेटल्या, पुन्हा भेटल्या. औषध देणाऱ्या डॉक्टरांशी सविस्तर बोलल्या. बाळाला इजा करायला आपल्याला कोणी सांगते आहे, असे म्हणणारी आई वेगळी असते. तिथे बाळाला क्षणभरही एकटे ठेवायचे नसते. वैशालीचे तसे नाही, ती त्या विचाराला भिऊन पळते आहे, याची त्यांनी सर्व बाजूंनी खात्री करून घेतली. “धाडस खात्रीनंतर करायचं,” त्या मला म्हणाल्या. “आधी केलं तर ते आपलं धाडस नसतं, दुसऱ्याच्या जिवावरचं असतं.”

मग एका भेटीत त्यांनी वैशालीला विचारले, “पोरी, दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे तू लेकराले मारणारी आई हायेस. दुसरी म्हणजे लेकराले काही होईल या भीतीनं अर्धी झालेली आई हायेस. आजवर तुले कोणती खरी वाटली?”

“पहिली.”

“पहिली खरी असती तर तू काय केलं असतं?”

वैशाली म्हणाली, “मी पोरीजवळून पळाली नसती.”

“अन् तू तर पळून राहिली.”

वैशाली रडू लागली. मॅडमनी तिला रडू दिले. नंतर म्हणाल्या, “आपण पाहू न, कोणती खरी हाये ते. तुह्या घरी येऊ का?”

खापरखेड्याला आम्ही दुपारी पोचलो. सासूबाई नातीला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या. मॅडमनी त्यांना काय करणार आहोत ते सगळे सांगितले, काही लपवले नाही. सासूबाई म्हणाल्या, “तुमी शिकलेल्या बाया. पण काही झालं तर? मी लेकराले गावाले घेऊन जातो, तेच बरं.”

“खात्री कोणाचीच देता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “माझीही नाही. पण तिच्या हातात सुरी असेल आणि तिच्याकडे पाठ करून मी बसेन. लेकरू तुमच्याजवळच राहू द्या. तुम्ही पाहा आणि मग काय ते ठरवा.”

सासूबाईंनी कुलूप काढले. स्वयंपाकघर लहान होते. हिवाळ्याचे दिवस, कोपऱ्यात टोपलीत तुरीच्या शेंगा होत्या. मॅडमनी त्यांच्या ओल्या दाण्यांची, सोले-वांग्याची भाजी करू या, असे सुचवले. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखरेच होते. मी हाताला धरून त्यांना पाटावर बसवले, तेव्हा माझ्या लक्षात आले, की काही झालेच तर त्यांना पटकन उठता येणार नाही. त्यांच्याही लक्षात होते. त्यांनी शेंगांची टोपली पुढे ओढली, वैशालीकडे पाठ केली आणि सोलायला लागल्या.

वैशाली त्यांच्या मागे बसली होती, हाताने पाठीला स्पर्श होईल इतकी जवळ. तिच्या हातात सुरी होती. मी दाराशी उभी होते. तिचा चेहरा मला दिसत होता, मॅडमना दिसत नव्हता. वैशालीचे ओठ पांढरे पडले होते.

“ताई,” ती म्हणाली, “तुमाले भेव नाही वाटून राहिलं?”

“वाटून राहिलं थोडं. तुले?”

“लय.”

“मंग दोघी मिळून भिऊ. वांगं घे.”

मॅडम मागे वळल्या नाहीत. आवाज चढला नाही, पडलाही नाही. सासूबाईंना त्या विचारू लागल्या, भाजीत काळा मसाला टाकता की नाही, वाटण कशाचे करता. सासूबाई दारापलीकडे नातीला घट्ट धरून बसल्या होत्या आणि तुटक उत्तरे देत होत्या. अधूनमधून मॅडम मागच्या मागे विचारत, “आता मनात काय आलं?” वैशाली सांगे, “तुमच्या पाठीत जाईल असं.” “येऊ दे. मंग?” त्या शेंगा सोलत राहत. धीराचा एकही शब्द त्यांनी तिला दिला नाही. काही होणार नाही, असे एकदाही म्हणाल्या नाहीत. मला ते म्हणण्याची इतकी ओढ होत होती, की मी ओठ आवळून धरले होते.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. हळूहळू सुरीचा आवाज यायला लागला. आधी एक फोड, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. मग आवाज एकसारखा झाला. वैशाली वांगी चिरत होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होते आणि ती फोडी पाण्यात टाकत होती.

पुढे जे घडले, ते मॅडमनी योजलेले नव्हते. सासूबाई उठल्या, आत आल्या आणि नातीला वैशालीच्या शेजारी चटईवर ठेवले.

“घे वं,” त्या म्हणाल्या. “तुयंच लेकरू हाये.”

वैशालीने मुलीकडे पाहिले. मुलीने पाण्यातल्या फोडींकडे हात नेला. वैशालीने सुरी उचलून आपल्या मागच्या बाजूला, मुलीचा हात पोचणार नाही अशी ठेवली आणि मुलीला मांडीवर घेतले. कोणी तिचा हात धरलेला नव्हता.

त्या दिवशी आम्ही तिथेच जेवलो.

परतीच्या वाटेवर मला राहवले नाही. मी विचारले, “मॅडम, शेवटी तिने सुरी लांब ठेवली. ते भीतीपोटी टाळणंच नाही का झालं?”

मॅडम खूप हसल्या. “अनघा, अगं, रांगायच्या वयाच्या लेकराजवळची सुरी कोणतीही आई उचलून ठेवते. भीतीनं ती पोरीला सोडून पळत होती. आज तिनं सुरी सरकवली नि पोरीला घेतलं. त्याला काळजी म्हणतात. आजाराची नावं शिकता शिकता साध्या माणसाची काळजी ओळखायची विसरू नकोस.”

“आणि तुम्हाला खरंच भीती वाटली?”

“वाटली ना. तिला खोटं कसं सांगणार? भीती वाटली म्हणजे धोका असतोच असं नाही, एवढंच तर आपण तिला दाखवायला गेलो होतो. मीच घाबरत नाही असं दाखवलं असतं, तर ती काय शिकली असती?”

संक्रांतीनंतर सासूबाई गावी गेल्या, एकट्याच. पण त्या एका दुपारने सगळे संपले नाही. आंघोळ, रात्रीची झोप, घरात एकटीने मुलीसोबत राहणे, एकेक करत वैशालीने परत मिळवले. त्यात महिने गेले. मुलीला एकदा मोठा ताप आला, तेव्हा जुने सगळे उसळून आले आणि तिने पुन्हा मुलीची खोली सोडली. मला वाटले, केलेले सगळे वाया गेले. मी मॅडमना फोन केला आणि म्हणाले, मला हे जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम महालात आमच्या घरी आल्या. माझ्या आईने पाने वाढली. जेवताना त्या आईशी आमच्या गल्लीतल्या जुन्या दुकानांबद्दल बोलत राहिल्या. वैशालीचे नावही काढले नाही. मला दोनदा आग्रहाने भात वाढला. हात धुताना फक्त म्हणाल्या, “तिला पुन्हा त्रास झाला, म्हणून आधीचं खोटं ठरत नाही. उद्या तिच्याकडे जा.” मी गेले. या वेळी मॅडम सोबत नव्हत्या आणि मला त्यांची गरजही पडली नाही. त्या जेवायला कशासाठी आल्या होत्या, हे मला खापरखेड्याच्या रस्त्यावर उमगले.

वैशालीची मुलगी आता शाळेत जाते. हा लेख वाचून दाखवला तेव्हा वैशालीने एक वाक्य बदलायला लावले. मी लिहिले होते, ‘ती पूर्ण बरी झाली.’ ती म्हणाली, “असं नका लिहू, ताई. विचार येते अजून कधी कधी. येऊ देतो मी. पोरीची वेणी घालता घालता येते अन् जाते. असं लिहा.” तिच्या इच्छेप्रमाणे तसेच लिहिले आहे.

मॅडमच्या हाताखालून गेलेले आम्ही आज चंद्रपूर, गोंदिया, अमरावती असे विदर्भभर पसरलो आहोत. अवघड रुग्ण समोर आला, की आमच्यापैकी प्रत्येकजण मनाशी विचारतो, मॅडमना इथे काय ऐकू आले असते? उत्तर नेहमी सापडतेच असे नाही, पण विचारल्यावर आपण जरा नीट ऐकू लागतो. मी स्वतः आता शिकवते. मॅडमचे ज्ञान थोडेफार माझ्यापर्यंत पोचले असेल. पण कोणालाही खोटा धीर न देता त्याच्या भीतीपाशी इतके स्वस्थ बसून राहणे, ते कुठून येते, हे मला इतक्या वर्षांत कळलेले नाही. जवळून जितके पाहिले, तितके त्याचे नवल वाढतच गेले.

गेल्या वर्षी मॅडमच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता त्या सकाळी अंबाझरी तलावावर फिरायला जातात. परवा मीही सोबत होते. पंच्याहत्तरीच्या समारंभाचे सगळे बेत मी त्यांना सांगितले आणि विचारले, तुम्हाला काय हवे? त्या थोडे अंतर चालल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या वर्गात एक जागा रिकामी आहे. कोणी होतकरू असेल तर पाठव.”

मॅडम, ती जागा भरेल. त्यानंतरच्या वर्गांतल्याही भरतील. आपले कान असेच तल्लख राहोत, नवे गुडघे दमू नयेत, प्रकृतीची कुरकुर आपल्या वाट्याला येऊ नये आणि आम्ही शिकवलेल्या मुलांच्या मुलांनाही आपल्यासमोर बसायला मिळावे, इतके आयुष्य आपल्याला लाभो. या शुभेच्छेत आमचा स्वार्थ आहे, हे मान्य करते. आमचे शिकणे अजून संपलेले नाही. तेवढा स्वार्थ आपण चालवून घ्यावा.